आरएक्स १००: जुना कार्बोरेटर गेला, आता वीसच टाकू का चोवीस?

चाकूरचा_आरएक्स

नमस्कार मंडळी, लै दिवस झाले नुसतं वाचायलोय, आज पहिल्यांदा लिहायलोय, शुद्धलेखनाचं बघू नका. माझ्याकडं चुलत्याची १९९४ ची आरएक्स १००, यामाहाची टू-स्ट्रोक गाडी आहे, आखाड्यावर सात वर्षं कडब्याच्या गंजीआड उभी होती, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. गेल्या दिवाळीत बाहेर काढली. टाकी आतून गंजलेली ती धुऊन घेतली, बोअर करून ०.२५ मिमी मोठं पिस्टन टाकलं, टायर, चेनसेट, वायरिंग सगळं नवीन. अडलं ते कार्बोरेटरपाशी, म्हणजे पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनला देतो तिथं. फिटरनं खालची वाटी उघडली तर आत पेट्रोलची पार काकवी झालेली, कडंला पांढरी बुरशी, आणि स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढता काढता त्याचं डोकंच तुटून आलं, बाकीचा आत. मग त्यानं लातूरहून नवा कार्बोरेटर आणला, डब्यावर आरएक्स १०० लिहिलेलं, साडेसातशे रुपये.

आता रोग ऐका. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते, तिथं तक्रार नाही. पण गरम झाली की रेस सोडली तरी आवाज खाली येईना, आं... करत तशीच राहते, मग पाच-सहा सेकंदांनी हळूहळू उतरते. आणि अर्ध्या रेसच्या पुढं गेलं की फडफड फडफड करते, ७० च्या पुढं काटा जायलाच तयार नाही. अ‍ॅव्हरेज २८, चुलता म्हणतो चाळीसच्या खाली कधी आली नव्हती. स्टँडवर लावली की खालच्या नळीतून टपटप पेट्रोल, रात्री कॉक बंद करायचा विसरलो तर सकाळी ओसरीत वास.

फिटर म्हणायलाय मिकुनी कंपनीचा चोवीसचा, म्हणजे २४ मिमी भोकाचा टाक डोळे झाकून, मूळचा वीसचा आहे. मित्र म्हणायलाय पल्सरचा जुना कार्बोरेटर देतो, फुकट. मी चार-पाच हजार घालायला तयार आहे पण एकदाच. काय करावं कळंना. कुणी केलंय का हे?

बालाघाट_रायडर

चोवीस टाक, फिल्टरची डबी काढून उघडा जाळीचा फिल्टर लाव, सायलेन्सरमधली नळी उपसून टाक, मग सांग मला. माझी मांजरसुंब्याचा घाट चौथ्या गिअरला चढते. इथं ज्ञान ऐकत बसलास तर दुसरी दिवाळी येईल राव.

वाळूज_टूलरूम

आधी एक सांग, जुना कार्बोरेटर फेकलास का ठेवलास? फेकला असशील तर भंगारवाल्याकडं आत्ता पळ.

आता तुझ्या रोगाचं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाच वेळी झालेत म्हणून तुझा फिटर गोंधळलाय. रेस सोडल्यावर आवाज वर टांगून राहणं म्हणजे खालच्या रेसला हवा जास्त पेट्रोल कमी, लीन. अर्ध्याच्या पुढं फडफड म्हणजे बरोबर उलटं, पेट्रोल जास्त, रिच. एकाच कार्बोरेटरमध्ये दोन्ही कसं? तर असं बघ, एका वाड्यात तीन भावांच्या तीन चुली असतात ना, तसं आहे ते. रेस बंद ते जेमतेम पाव, तिथं स्लो जेट आणि हवेचा स्क्रू बघतो. पाव ते पाऊण, तिथं सुई आणि सुईची नळी. पाऊण ते पूर्ण, तिथं मेन जेट. मधल्या सीमेवर थोडी भांडणं असतात, पाव रेसच्या आसपास स्लाइडचा (रेस ओढली की आत वर उठतो तो गोल तुकडा) खालचा तिरका काप पण बोलतो, पण मोटामोटी हिशोब हाच. त्यामुळं एका चुलीवर करपलंय आणि दुसरीवर कच्चं, असं सहज होऊ शकतं.

चोवीसचं आता. वीसच्या भोकाचं आणि चोवीसच्या भोकाचं क्षेत्रफळ काढ, वीसचा वर्ग ४००, चोवीसचा ५७६, म्हणजे ४४ टक्के जास्त. इंजिन तेच, ५० गुणिले ५० चं बोअर-स्ट्रोक, ९८ सीसी, ते काय एकदम दीडपट हवा ओढणार नाही. मग त्या मोठ्या भोकातून हवा सावकाश जाते, आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वर खेचते ती हवेची गतीच. गती कमी झाली की खालचा पिकअप मेला. ज्यांनी पोर्ट (सिलिंडरमधल्या हवेच्या वाटा) घासलेत, सायलेन्सर बदललाय, आणि जे कायम वरच्या आरपीएमला गाडी मारतात त्यांना बावीस-चोवीस कामाला येतो, नाही असं नाही. तुला चाकूरच्या बाजारातून आखाड्यावर जायचंय, मागं युरियाचं पोतं. तुला वीसच पाहिजे.

पल्सरचा फुकट मिळाला तरी घेऊ नको. तो फोर-स्ट्रोकच्या हिशोबानं लावलेला असतो. आपल्या व्हीएम जातीतच, म्हणजे मिकुनीच्या ह्याच साध्या स्लाइडवाल्यांत बघ, फोर-स्ट्रोकच्या सुईच्या नळीला बाजूनं बारीक बारीक भोकं असतात, त्यातून हवा शिरून पेट्रोल फेसाळतं. टू-स्ट्रोकच्या नळीला ती नसतात, वर नुसता अर्धा आडोसा असतो. म्हणजे सुई, नळी, स्लाइड, जेट सगळं बदलायचं, मग फुकट काय राहिलं? खालचं ॲल्युमिनियम.

आणि त्या साडेसातशेच्या मालाबद्दल. मागच्या वर्षी मी असाच एक कार्बोरेटर घेतला होता, चमकायला एकदम चांदी. आमच्या टूलरूमला पिन गेज आहेत, भोकात पिन घालून माप बघायच्या. जुना ओरिजनल मेन जेट आणि ह्या नव्यातला, दोन्हीवर नंबर एकच कोरलेला. जुन्यात ०.९५ ची पिन अडली, नव्यात १.०० ची सरळ सुळकन गेली. नंबर खरा मानून मी आठ दिवस सुईशी झगडलो होतो. स्लाइड पण बघून घे, वर-खाली करताना खडखड हलली तर तिच्या कडेनं हवा जाते, मग कितीही ट्यूनिंग कर, स्लो बसत नाही. ओरिजनल मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन अशी बारीक खूण असते, भिंगातून बघ.

माझं मत विचारशील तर जुन्याची बॉडी चांगली असेल तर तिलाच जिवंत कर. तुटलेला जेट पितळेचा आहे, मधोमध बारीक ड्रिल घेऊन, उलट्या आट्याच्या ओढणीनं निघतो, अगदीच नाही निघाला तर स्पार्क मशीनवर काढता येतो, बॉडीला धक्का लागत नाही. घाईनं हातड्रिल मारू देऊ नको कुणाला.

दोन_स्ट्रोक_काका_नांदेड

वरच्या पोरानं चांगलं सांगितलंय पण तो मशीनवाला आहे, त्याला सगळं कार्बोरेटरमध्येच दिसायलंय. लेकरा, रेस टांगून राहती म्हणतोस ना, मग कार्बोरेटरला हात लावायच्या आधी कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर बघ. चार बोल्टचं असतंय. सात वर्षं उन्हात-थंडीत पडलेलं रबर वरून बरं दिसतंय, हातानं वाकवलं की खालच्या बाजूनं टाच फुटल्यासारखी बारीक चीर दिसती. गाडी स्लोला चालू ठेव अन् त्या रबराच्या कडेनं डब्ल्यूडी फोर्टीचा बारीक फवारा मार. आवाज बदलला, एकदम पडला नाही तर चढला, की समजून जा इथून हवा ओढायलीय. पेट्रोलचा फवारा मारून बघणारे फिटर आहेत आपल्याकडं, तापलेल्या इंजिनावर. तसं करू नको बाबा.

रबर ठीक निघालं तर मग क्रँकचे सील, पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना असतात ते. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत येती, हीच लक्षणं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल आत ओढतंय, ती वेगळी तऱ्हा, पांढरा धूर लै अन् ऑइल कमी होत जातंय. बोअर केलास म्हणतोस, तेव्हा क्रँक उघडला होता का नुसतं वरचं सिलिंडर काढलं होतं? नुसतं वरचं काढलं असंल तर सील जुनीच आहेत, तीस वर्षांची.

आता चोवीसची गोष्ट माझ्या तोंडून ऐक. २००३ साली मी पण टाकला होता, तेव्हा अंगात मस्ती होती. एक गोष्ट कुणी सांगितली नाही मला. आरएक्सच्या ग्रिपमधून निघालेली केबल टाकीखाली दोन होती, एक कार्बोरेटरला जाती अन् एक ऑइलच्या पंपाला. यामाहाचं ऑटोल्यूब म्हणतात ते हेच, जेवढी रेस तेवढं ऑइल. कार्बोरेटर बदलला की स्लाइडची उंची बदलती, केबलचा हिशोब बदलतो, अन् पंपाची खूण जागेवर राहत नाही. मी कार्बोरेटर बसवला, गाडी पळाली, खूश झालो, पंपाकडं बघितलं पण नाही. वर मेन जेट लहान होता तो वेगळाच. अहमदपूर सोडून लोह्याच्या दिशेला निघालो, एप्रिल महिना, मागं मेहुणा. गाडी एकदम गोड झाली, आवाज बारीक झाला, वाटलं आज काय पळायलीय. ते गोड होणंच वाईट असतंय. दोन मिनिटांनी चीं करून मागचं चाक धरलं, क्लच दाबायला जरा उशीर झाला असता तर मेहुणा अन् मी दोघंबी नाल्यात. पिस्टनच्या बाजूला बोटाएवढे ओरखडे. तिथून टेम्पोत घालून आणली, सासरवाडीत अजून निघतो तो विषय.

म्हणून सांगतो, नवीन पिस्टन आहे तुझं. लीन गाडी पळवू नको. जोपर्यंत सगळं बसत नाही तोपर्यंत पंपाच्या भरवशावर न राहता टाकीत पण लिटरला वीस-पंचवीस मिली टू-स्ट्रोक ऑइल टाकत जा. धूर झाला तर झाला.

बालाघाट_रायडर

काका, भीती घालू नका पोराला. माझी तीन वर्षं झाली चालायलीय.

दोन_स्ट्रोक_काका_नांदेड

प्लग काढून बघितलास का कधी तीन वर्षांत?

चाकूरचा_आरएक्स

काका, पाया पडतो तुमच्या. रबरच निघालं. वरून काळंकुळीत, नवं वाटावं असं, आणि खालून बोल्टच्या जवळ एवढी चीर की नख जातंय. फवारा मारला तर इंजिन एकदम रडायला लागलं. फिटर शेजारीच उभा होता, म्हणाला "मी बोललोच होतो", कधी बोलला देव जाणे. उदगीरच्या एका दुकानात नवीन रबर मिळालं. ते बसवल्यावर टांगणं जवळपास गेलं, पण आता स्लोच खाली आली आणि बंद पडायलीय, फडफड आहे तशीच.

क्रँक उघडला नव्हता, सील जुनीच आहेत. आणि टूलरूमवाले दादा, जुना कार्बोरेटर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता चुलतीनं. तुम्ही म्हणालात तसं एका ओळखीच्या लेथवाल्याकडून जेट काढला, अर्धा तास लागला, आट्या शाबूत आहेत. पाठवू का फोटो? आत सगळं घासून काढू का, फिटरकडं बारीक तार आहे.

वाळूज_टूलरूम

तार नको!! क्लचच्या केबलची एक तार घेऊन जेटमध्ये घुसवायची ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि तिनंच निम्मे जेट मारलेत. तार पोलादी, जेट पितळेचा, दोन-चार वेळा घासलं की गोल भोक लांबोळं होतं आणि वरचा नंबर खोटा होतो. कार्ब क्लीनर मार, रात्रभर ठेव, सकाळी कॉम्प्रेसरची हवा. फार तर मासे धरायचा बारीक तंगूस. आणि बॉडीत ज्या बारीक वाटा आहेत त्यात बोट ठेवून फवारा मारून बघ, एका भोकात मारला की दुसऱ्यातून आला पाहिजे. स्लोचं भोक स्लाइडच्या खाली इंजिनच्या बाजूला दिसेल, सुईच्या टोकाएवढं, तिथून फवारा येत नसेल तर अजून बसलेली आहे काकवी.

फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवते ती) नवीन टाक, रबरी टोकाची. टपटप तिथूनच आहे, आणि तुझ्या फडफडीचं निम्मं कारण पण तेच असणार, वाटीत पेट्रोलची पातळी वर चढली की सगळ्याच चुली पेटतात. चोकच्या दांड्याच्या खाली रबराची टिकली असते तीही बघ, ती झिजली की चोक बंद असून पण थोडा उघडाच राहतो. त्यावर माझे एकदा दोन रविवार गेलेत.

आता लावायची रीत सांगतो, घाई करू नको. ग्रिपवर पांढरी चिकटपट्टी लाव आणि पेनानं खुणा कर, बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. "अर्ध्याच्या पुढं" असं अंदाजानं म्हणतो ना आपण, खूण केल्यावर कळतं की ते पाऊण होतं. सगळा खेळ गाडी पूर्ण तापल्यावर करायचा, आठ-दहा किलोमीटर फिरवून.

हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर, तिथून सुरू कर. हा हवेचा आहे, बाहेर घेतला की लीन, आत घेतला की रिच. कित्येक नव्या गाड्यांना इंजिनच्या बाजूला स्क्रू असतो, तो पेट्रोलचा, त्याचं उलटं चालतं, म्हणून फोर-स्ट्रोकवाल्याचा सल्ला ऐकून फिरवू नको. पाव-पाव फेरी फिरवत जा, जिथं स्लो सगळ्यात वर आणि गोल वाजते तिथं थांब, मग स्लाइडच्या स्क्रूनं आवाज खाली घे. एका फेरीच्या आत किंवा अडीचच्या बाहेर जायला लागलं तर स्लो जेटच बदलायचाय असं समज.

मग सुई. तिच्या डोक्याला बारीक खाचा असतात, मधल्यात क्लिप ठेव. क्लिप खाली नेली की सुई वर उठते, रिच. अर्ध्या रेसला एकदम ओढून बघ, गचका खाऊन श्वास कोंडल्यासारखी झाली तर जरासा चोक ओढून परत कर, चोकनं सुधारली तर लीन होती, बिघडली तर रिच.

मेन जेट शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशानं काय झालं हे तुझ्या चुलत्याला पण सांगता येणार नाही. मेन जेटला नेहमी मोठ्याकडून लहानाकडं ये, रिचमध्ये फक्त फडफडतं, लीनमध्ये काकांचा मेहुणा नाल्यात जातो.

दोन_स्ट्रोक_काका_नांदेड

मेहुण्याला वाचून दाखवलं हे. हसला नाही.

प्लग बघायची रीत राहिली. नवा प्लग टाक, सरळ मोकळा रस्ता बघ, पूर्ण रेसला किलोमीटरभर जाऊ दे, अन् तशाच रेसमध्ये क्लच दाबून चावी बंद. स्लोवर आणून मग बंद केलास तर प्लग स्लोचा रंग दाखवतोय, पूर्ण रेसचा नाही. पण हे पिस्टन मुरल्यावर, आत्ता नाही, पाचशे-सातशे किलोमीटर जाऊ दे. कोरड्या कॉफीसारखा रंग पाहिजे. ओला काळा असंल तर रिच. पांढरा खडूसारखा अन् त्यावर चांदीचे बारीक ठिपके दिसले की गाडी तिथंच उभी कर, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

अंबाजोगाई_ऊसवाला

सगळं वाचलं, कुणीच पेट्रोलबद्दल बोलंना म्हणून लिहायलोय. आता पंपावर सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. १९९४ च्या गाडीचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं ठरवलेले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागती, इथेनॉलला ९ पट, म्हणजे ह्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. तेवढीच हवा, तेवढाच जेट, तर गाडी आपोआप लीन. ओरिजनल नंबरचा जेट टाकून लोक म्हणतात कंपनीनं दिलाय तोच आहे, मग लीन का, तर ह्याच्यामुळं. मी माझ्या मेन जेटला एक नंबर वर नेला आणि सुईची क्लिप एक खाच खाली, मग ठीक झाली. इथेनॉल आमच्याच भागातल्या कारखान्यांतून जातंय, ऊस आम्हीच घालतो, आणि गाडी पण आमचीच लीन, आता तक्रार कुणाकडं करायची.

दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. महिनाभर उभी ठेवणार असशील तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालू ठेव, नाहीतर परत काकवी. जुन्या गाडीचे ओरिंग, पाइप ह्यालाही ते फुगवतं, नवे टाकताना नव्या काळाचे टाक.

दोन_स्ट्रोक_काका_नांदेड

इथेनॉलचा एवढा बाऊ करू नये असं माझं मत. लीन होती हे खरं, पण एखादी पायरी. ह्या गाडीत चीर अन् गळणारी सुई असताना इथेनॉलवर बोट ठेवलं तर खरा चोर सुटतो. फिटर लोकांना तर आयतं निमित्त मिळालंय, काही झालं की "काय करणार, पेट्रोलच तसलं यायलंय".

वाळूज_टूलरूम

दोघांचं थोडं थोडं बरोबर. त्यापेक्षा आपल्याकडच्या हवेचा फरक मोजा एकदा. मे महिन्यात दुपारी ४२ डिग्री आणि डिसेंबरच्या पहाटे १० डिग्री, थंड हवा साधारण ११ टक्के दाट असते. म्हणजे मेच्या दुपारी एकदम तंतोतंत लावलेली गाडी डिसेंबरात पहाटे लीन होणार, इथेनॉल असो नसो. म्हणून उन्हाळ्यात लावताना अगदी कडेला नेऊ नये, थोडी फडफड शिल्लक ठेवावी. आणि तो फोमचा फिल्टर, बालाघाटवाल्याचं ऐकून काढू नको. काळ्या रानाची धूळ आत गेली तर नवं पिस्टन वर्षात जाईल, शिवाय डबी काढली की गाडी एकदम लीन होते, मग सगळे जेट परत. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलमध्ये धू, पिळ, वाळव, हलकं ऑइल लाव.

बालाघाट_रायडर

काका, प्लग काढला आज. पांढरा आहे. ठिपके पण आहेत बहुतेक, का माझ्या डोळ्याचा भास आहे.

दोन_स्ट्रोक_काका_नांदेड

भास नाही. गाडी घरात लाव, मला वेगळा मेसेज कर. मेन जेटचा नंबर अन् पंपाची केबल, दोन्हीचे फोटो पाठव.

चाकूरचा_आरएक्स

तीन आठवड्यांनी लिहायलोय, लग्नसराई होती. जुनाच कार्बोरेटर बसवलाय. सुट्टा माल पुण्याहून नाना पेठेतल्या एका दुकानातून मागवला, स्लो जेट, मेन जेट दोन नंबरचे, फ्लोटची सुई, चोकची टिकली, गॅस्केट, सगळं मिळून कुरिअरसकट सोळाशे रुपये. चौकोनात चौकोन खूण मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून बघितली, आहे. साडेसातशेचा तो कार्बोरेटर दुकानदार परत घ्यायला तयार नाही, म्हणतो बसवलेला माल घेत नसतोत. कपाटात ठेवलाय.

टपटप एकदम बंद. हवेचा स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर गोल वाजायलाय. सुईची क्लिप मधल्याच्या एक खाली. मेन जेट आधी मोठा टाकला होता, पूर्ण रेसला जरा घुटमळायची, मग एक नंबर लहान केला, आता सरळ जाते. पिस्टन मुरायचंय म्हणून ६० च्या पुढं नेलीच नाही एक-दोनदा सोडून, ते एक-दोनदा काकांना सांगू नका. अ‍ॅव्हरेज ३८ निघाला, टाकी फुल करून दोनदा मोजला.

पंपाची खूण पण बघितली, बोटभर मागं होती! झाकण उघडून चुलत्यालाच बोलावलं, त्यानं चष्मा लावून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला हे मी कधीच उघडलं नव्हतं, मला वाटायचं हे शोभेचं आहे. केबलचा नट फिरवून जागेवर आणली. टाकीत पंचवीस मिली अजून घालायलोच आहे.

एकच राहिलंय. थंड असताना पहिल्या मिनिटात चोक बंद केला की एकदम बसते, परत किक मारावी लागते, गरम झाल्यावर काहीच नाही. स्लो जेट एक नंबर वर नेऊन बघू का, का आधी सील बदलू? आणि फिल्टरच्या डबीचं झाकण तुटलेलं आहे, ओरिजनल कुणाकडं पडून असेल तर सांगा, लातूर-नांदेड रस्त्यावर कुठंही येऊन घेऊन जातो, आता गाडी येते तिथवर.

दोन_स्ट्रोक_काका_नांदेड

आधी सील. झाकण माझ्याकडं आहे, २००३ चं. लोह्याला ये, नाला पण दाखवतो.